आकाशातली कुर्ली: कोकणातून क्रॅब नेब्यूला बघायचा आणि त्याचा फोटो काढायचा कसा

कोकणात कुर्ल्या खायच्या तर काळोखातल्या, म्हणजे अमावास्येच्या आसपासच्या, चांदण्यातल्या कुर्लीत मांस नसतं हे कोणीही सांगेल. आकाशातही एक कुर्ली आहे आणि तिचं गणित नेमकं हेच आहे, चंद्र असला की हाताला काही लागत नाही. क्रॅब नेब्यूला म्हणतात तिला, नेब्यूला म्हणजे आकाशातला वायूचा ढग, कॅटलॉगमधलं नाव मेसिए १ किंवा नुसतं एम१. ज्यांनी आजवर चंद्र बघितलाय, फारतर गुरूचे उपग्रह बघितलेत, घरात एखादा डीएसएलआर पडून आहे किंवा नुकताच स्मार्ट टेलिस्कोप (फोनवरून चालणारा, स्वतःच शोधून फोटो काढणारा) घेतलाय आणि आता जरा लांबचं काहीतरी करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि तेही पुण्यामुंबईच्या गच्चीवरून नाही तर कोकणातून, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठूनही.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोकणात आकाश आपल्या बाजूने असतं, भांडण सगळं जमिनीशी असतं. दव, खारं वारं, भरती, फुरसं, मधेच येणाऱ्या माडाच्या झावळ्या. त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगइतकंच हे बाकीचं पण येणार, तेवढं चालवून घ्या.

आधी हे आहे काय

४ जुलै १०५४ ला चीनमधल्या दरबारी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक नवीन तारा नोंदवला. इतका तेजस्वी की २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. आपल्याकडचा संदर्भ हवा तर अंबरनाथचं शिलाहारांचं शिवमंदिर १०६० च्या सुमाराचं, म्हणजे तो तारा विझून पाच वर्षंही झाली नव्हती. तो नवीन तारा नव्हताच, एक मोठा तारा आयुष्य संपवून फुटला होता, त्याला सुपरनोव्हा म्हणतात. फुटल्यावर जो मालमसाला बाहेर फेकला गेला तो अजून सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर वेगाने पसरतोय आणि तेच आपण बघणार आहोत. अंतर साधारण ६५०० प्रकाशवर्षं.

१७३१ मध्ये जॉन बेविस या इंग्रज डॉक्टरने तो पहिल्यांदा दुर्बिणीतून बघितला. १७५८ मध्ये शार्ल मेसिए धूमकेतू शोधत असताना त्याला हा डाग दिसला, हलेना म्हणून धूमकेतू नाही हे कळलं, आणि अशा फसवणाऱ्या डागांची यादीच करून टाकू म्हणून त्याने जी यादी केली तिच्यात हा पहिल्या नंबरवर. खेकड्याचं नाव १८४० च्या दशकात लॉर्ड रॉस यांनी काढलेल्या चित्रावरून पडलं. चित्र बघितलंत तर खेकडा शोधावा लागतो, पण असो.

मधोमध जे उरलंय तो पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा भरभर फिरणारा गाभा, १९६८ मध्ये सापडला, सेकंदाला साधारण ३० गिरक्या घेतो. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने याच पल्सारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं, ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आपण ज्याच्यावर कॅमेरा लावणार तो काही कोपऱ्यातला दुर्लक्षित पत्ता नाही.

डोळ्यांना काय दिसेल हे पण आत्ताच सांगून टाकतो नाहीतर मागाहून शिव्या घालाल. राखाडी डाग. लाल तंतू नाहीत, निळा प्रकाश नाही, लांबट धुरकट डाग. रंग कॅमेऱ्यातच येतात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी सरळ फोटोच्या भागावर जावं, पण माझं मत विचाराल तर आधी डोळ्यांनी शोधा, कारण जागा हाताला लागली की पुढची निम्मी कटकट वाचते.

कधी जायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. जूनमध्ये सूर्यच त्याच्या शेजारी असतो आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस, त्यामुळे आपलं काही बुडत नाही. ऑक्टोबरात हवा ओली असते, संध्याकाळी गडगडाट असतो. मार्चनंतर समुद्रावरून धुरकटपणा चढतो, त्यात भाजावळीचा धूर, मग डोक्यावरचं आकाशसुद्धा दुधट वाटायला लागतं. थंडीत उत्तरेचा कोरडा वारा असला की काय आकाश असतं म्हणून सांगू.

वेळेचा हिशोब असा. क्रॅब डिसेंबरच्या मध्यात रात्री साधारण साडेबाराला सगळ्यात उंच येतो, जानेवारीच्या मध्यात साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्यात साडेआठला. दर महिन्याला दोन तास अलीकडे, एवढं लक्षात ठेवलंत की पुरे. घड्याळात आपण बारा म्हणतो तेव्हा कोकणात खरी मध्यरात्र व्हायला अजून अर्धा तास असतो, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

चंद्र फक्त लहान असून भागत नाही, तो कुठल्या राशीत आहे ते पण बघा. क्रॅब चंद्रसूर्याच्या वाटेला अगदी लागून आहे त्यामुळे चंद्र दर महिन्याला त्याच्या जवळून जातोच. सोपा नियम म्हणजे कालनिर्णय काढा, अमावास्येच्या आधीचे पाच आणि नंतरचे तीन-चार दिवस धरा, बाकीच्या रात्री घरी झोपा.

जागा: किनारा नको, सडा बघा

पर्यटक पहिल्यांदा जातो तो किनाऱ्यावर. वाळूत ट्रायपॉड खचतो, तुषार लेन्सवर बसतात, पश्चिमेला बोटींचे दिवे असतात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्याला हवी अमावास्या आणि अमावास्येला उधाणाची भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे कुठल्याही गाववाल्याला माहीत असतं, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असं करत अमावास्येला ती येते दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. म्हणजे डिसेंबरात क्रॅब डोक्यावर येतो नेमक्या त्याच वेळी पाणी तुमच्या बॅगेपर्यंत. किनाऱ्यावर गप्पा मारायला जा, सामान घेऊन जाऊ नका.

जागा हवी ती सड्यावर. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे कातळाचे सडे म्हणजे या कामासाठीच केल्यासारखे, सपाट, चारी बाजूंनी मोकळे, पायाखाली टणक, समुद्रापासून थोडे वर. वाडीतल्या स्ट्रीटलाइटपासून आणि आंब्याच्या बागेतल्या राखणीच्या हॅलोजनपासून लांब. काळोख पुरेसा आहे का हे बघायला कुठलंही ॲप नको, कृत्तिकेचा पुंजका बघा, सहा तारे सहज मोजता आले पाहिजेत, आणि उशिरा पुष्य नक्षत्र वर आलं की त्यातला धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. दोन्ही जमलं तर जागा पास.

आता सड्यावरचे धोके. फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळावर आणि गडग्याच्या भेगांत ते असतंच असतं, आकाराने लहान, रंगाने दगडासारखं, आणि काळोखात तर दिसणारच नाही. चपला घालून जायचं नाही, घोट्याच्या वर जाणारे बूट, बॅग जमिनीवर उघडी टाकायची नाही, गडग्यावर बसायचं नाही, आणि चालताना पांढरी बॅटरी खुशाल लावा, डोळे परत काळोखाला सरावायला अर्धा तास जातो तो जाऊ दे. लाल दिवा, ज्याने काळोखाला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, तो उभं राहून काम करताना, चालताना नाही. क्लबातली मंडळी यावर नाराज होतात, त्यांना होऊ दे. जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता दिवसाउजेडी बघून ठेवा.

दुसरं, सडा मोकळा दिसला तरी बहुतेक वेळा कोणाच्या तरी मालकीचा असतो. संध्याकाळीच जाऊन मालकाला विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. किनारपट्टीला रात्री लाल दिवे, वायरी आणि पाइपसारखं काहीतरी घेऊन बसलेला अनोळखी माणूस दिसला की चौकशी होणारच आणि ती व्हायलाच पाहिजे. सांगून ठेवलंत तर उलट अकरा वाजता दोन पोरं आणि त्यांचे काका बघायला येतात, त्यांना एकदा डोळा लावू द्या, पुढच्या वेळी ते स्वतःहून वाडीतला दिवा बंद करतात. आणि लाइट गेली तर आनंद माना, अख्ख्या कोकणात त्या वेळी खूश असणारे आपणच.

शोधायचा कसा

पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. वर कृत्तिका, तिच्या खाली तांबूस रोहिणी, रोहिणीजवळ इंग्रजी व्हीसारखा ताऱ्यांचा आकार, ते बैलाचं तोंड. त्या व्हीच्या दोन्ही भुजा खाली, पूर्वेकडे, लांब वाढवत न्या, दोन शिंगांची टोकं मिळतील. डाव्या हाताचं, उत्तरेकडचं टोक म्हणजे एलनाथ, चांगला ठळक. उजव्या हाताचं, मृगाच्या डोक्याकडचं टोक म्हणजे झीटा टौरी, जरा मंद, तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद). आपल्याला हवा तो हा मंद. क्रॅब त्याच्यापासून फक्त एक अंशावर आहे, हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या रुंदीएवढं अंतर, एलनाथच्या दिशेने निघायचं आणि जरासं कृत्तिकेच्या बाजूला सरकायचं. गोंधळ झाला तर स्टेलेरियम ॲप फुकट आहे, त्यात एम१ टाका, पण फोनचा ब्राइटनेस तळाला नेऊन आणि नाइट मोड लावून.

१०x५० ची दुर्बीण, म्हणजे आपली दोन डोळ्यांची साधी, तिच्यात चांगल्या काळोखात तो पुसट ठिपक्यासारखा दिसतो. हात थरथरतात म्हणून आरामखुर्चीत आडवे पडा किंवा गाडीच्या टपावर कोपरं टेकवा. सरळ त्याच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा, डोळ्याच्या कडेचा भाग मंद प्रकाशाला जास्त जागा असतो, तिरप्या नजरेने बघितलं की डाग उगवतो आणि सरळ बघितलं की बुडतो. सहा-आठ इंची टेलिस्कोपमध्ये तो स्पष्ट लंबगोल होतो, तेज ८.४ प्रतीचं, लांबी सात कलांच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), रुंदी पाच. ५० ते १०० पट मोठं करून बघा, त्याहून जास्त केलंत तर डाग पसरतो आणि मंद होतो.

फिल्टर घ्यावा का असं सगळे नवीन लोक विचारतात. क्रॅब बघायला म्हणून घेऊ नका. फिल्टर ठरावीक रंगांचा प्रकाश जाऊ देतो, तंतूंचा प्रकाश तसा असतो, पण क्रॅबच्या आतला मुख्य उजेड वेगळा आहे, पल्सारच्या जोरावर इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने घिरट्या घालतात आणि त्यातून सगळ्याच रंगांचा सलग प्रकाश येतो. फिल्टर लावला की तो उजेडच कापला जातो. लहान टेलिस्कोपात तर होता तो डाग पण जातो.

डोक्यावर आला की घोळ होतो

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग, हा नीट वाचा.

क्रॅबची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, +२२ अंश, आणि रत्नागिरीचा अक्षांश १७. म्हणजे कोकणातून तो जवळजवळ डोक्यावर येतो, माथ्यापासून जेमतेम पाच अंशांवर. युरोपातल्या लोकांना हे नशीब नाही. डोक्यावर म्हणजे मधे हवा सगळ्यात कमी, किनाऱ्याची खारी धूसर हवा तर क्षितिजाजवळच राहते, त्यामुळे बघायला ती वेळ उत्तम. पण तुमचा टेलिस्कोप जर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या माउंटवर असेल, आणि सगळे डॉब्सोनियन (फिरत्या बुडावर ठेवलेले साधे आरशाचे टेलिस्कोप) तसेच असतात आणि स्मार्ट टेलिस्कोपही साधे ठेवले तर तसेच, तर डोक्यावर त्यांची पंचाईत होते. डॉब्सोनियनला तिथे नेमकं वळवताच येत नाही, बूड गरागरा फिरवावं लागतं. आणि स्मार्ट टेलिस्कोप तारा मधोमध धरतो खरा पण चित्र मधल्या बिंदूभोवती फिरत राहतं.

किती फिरतं याचा हिशोब करता येतो. १७ अंश अक्षांशावरून क्रॅब माथ्याशी असताना चित्र १० सेकंदांत जवळजवळ अर्धा अंश फिरतं, कडेचे तारे सरळ कमानी होतात. तोच क्रॅब ६० अंश उंचीवर असताना १० सेकंदांत फिरतो अंशाचा पन्नासावा भाग, म्हणजे काहीच नाही. म्हणून स्मार्ट टेलिस्कोपवाल्यांनी तो पूर्वेला ४५ ते ६० अंशांवर असताना शूट करायचा, म्हणजे माथ्यावर यायच्या तीन ते दोन तास आधी. डिसेंबरच्या मध्यात साडेनऊ ते साडेदहा, जानेवारीच्या मध्यात साडेसात ते साडेआठ. नंतर तो पश्चिमेला उतरतो तेव्हा परत तसाच तास मिळतो पण तोपर्यंत दव पडलेलं असतं आणि खाली बोटींचे दिवे. मोठ्या उंचीची वाट बघत बसायचा सल्ला इतर ठिकाणी बरोबर असेल, इथे या माउंटला नाही.

इक्वेटोरियल माउंटवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावून तो आकाशाबरोबर फिरतो त्यांना, चित्र फिरण्याचा प्रश्न नाही, फक्त माथा ओलांडला की टेलिस्कोप दुसऱ्या बाजूला पलटवावा लागेल. त्यांचा प्रश्न ध्रुवाचा. ध्रुव तारा आपल्या अक्षांशाइतकाच उंच, मालवणात १६ अंश, अलिबागला साडेअठरा, म्हणजे कुठलाही माड किंवा घराची कौलं त्याला झाकतात, जागा निवडताना पूर्व बघतो तशी उत्तर पण बघा. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी वर नसतात तेव्हा शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधा. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो, ते घरीच दिवसा लावून तपासा. आणि सड्यावर फोनच्या होकायंत्रावर भरवसा नको, जांभ्या दगडात लोह असतं, राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ तर होकायंत्राचा काटा चुकतो हे प्रसिद्धच आहे. डोळ्याने ध्रुव बघून लावा.

फोटो: तुमच्याकडे काय आहे त्याप्रमाणे

नुसता कॅमेरा आणि ट्रायपॉड. १३५ किंवा २०० मिमीची लेन्स, एक्सपोजर १ सेकंद, फार तर दीड, त्यावर गेलात तर तारे रेघा होतात. लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ३२००, फाइल रॉ, इंटरव्हॅलोमीटर (ओळीने आपोआप फोटो काढणारं रिमोट) लावून चारपाचशे फोटो, ते घरी एकावर एक जोडायचे. आकाश सरकत जातं म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी फ्रेम परत जुळवायची. २०० मिमीला साध्या एपीएस-सी सेन्सरवर क्रॅब शंभरेक पिक्सेल लांब पडतो, म्हणजे तंतू विसरा पण आकार आणि रंगाची छटा नक्की येते. पहिल्या रात्रीसाठी एवढं बास आहे खरं तर.

ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं छोटं यंत्र, असेल तर त्याच लेन्सने ६० सेकंद, आयएसओ ८०० ते १६००, एकूण तास-दोन तास. सहा इंची, ७५० मिमीचा टेलिस्कोप आणि गाइडिंग (दुसरा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारतो ते) असेल तर दोन-तीन मिनिटांचे फोटो, तिथे क्रॅब चारशे पिक्सेलच्या जवळ जातो आणि तंतू खरंच सुटे दिसायला लागतात. सीस्टार एस५० सारखं स्मार्ट यंत्र असेल तर ५० मिमी भिंग, २५० मिमी फोकल लेंग्थ, १० सेकंदांचे फोटो ते स्वतःच जोडत जातं, तुम्ही चहा प्या. त्यातला आतला फिल्टर एकदा लावून आणि एकदा काढून करा, लावल्यावर लाल-हिरवट तंतू उठतात, काढल्यावर मधला निळसर उजेड, आणि मगाशी फिल्टरबद्दल जे लिहिलं ते स्क्रीनवरच दिसेल.

फोकस रोहिणीवर. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून तारा सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगला चिकटपट्टी. बाख्तिनोव्ह मास्क (फोकस जुळवायला पुढे लावायची खाचांची चकती) मिळाला तर घ्या, काम पटकन होतं. तापमान उतरलं की फोकस सरकतो, तासाभराने परत बघा. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला की एक्सपोजर ठीक, कडेला चिकटलेला असेल तर वाढवा.

हे सगळं करताना दव. कोकणात रात्री दहानंतर गाडीची काच बघा, तेच लेन्सवर होत असतं. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, तो लेन्सच्या पुढच्या टोकाला सुरुवातीपासून बांधायचा, दव पडल्यावर नाही. पॉवरबँक मोठी घ्या. हूड लावून ठेवा. पडलंच तर फडक्याने पुसायचं नाही, समुद्राजवळ त्या थेंबात मिठाचे कण असतात, पुसलंत की काचेवर बारीक ओरखडे, आधी ब्लोअरने उडवा. आणि हॉटेलच्या एसी रूममधून सामान थेट बाहेर काढू नका, बॅग बंद ठेवून पाऊण तास बाहेर मुरू द्या, मग उघडा.

घरी आल्यावर

निघायच्या आधी सड्यावरच डार्क फ्रेम घ्या, झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढाच वेळ, वीसेक फोटो. कोकणातल्या थंडीला आपण थंडी म्हणतो, सेन्सर म्हणत नाही, तापमान सहाएक अंशांनी वाढलं की त्याचा आतला प्रवाह दुप्पट होतो, त्यामुळे आपल्याला डार्क टाळून चालत नाही. फ्लॅट फ्रेम सकाळी, लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून आकाशाकडे, फोकस न हलवता.

जोडायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट. सिरिलमध्ये चार फोल्डर करायचे, लाइट (क्रॅबचे फोटो), डार्क, फ्लॅट, बायस (झाकण लावून सगळ्यात कमी वेळाचे फोटो), आणि रंगीत कॅमेऱ्याची तयार स्क्रिप्ट चालवायची, लॅपटॉप जुना असेल तर जेवून या. मग कडा कापा, बॅकग्राउंड काढा, ताऱ्यांवरून रंग जुळवा, आणि शेवटी स्ट्रेच, म्हणजे काळ्यात दडलेलं वर ओढणं. इथे हात आवरा. आकाश पूर्ण काळं केलं की क्रॅबची पुसट कड पण जाते, थोडं राखाडी राहू दे. एआयवाली शार्पनिंग तर मुळीच नको असं माझं मत, ती नसलेले तंतू काढून देते आणि मग तो फोटो तुमचा पण नाही आणि क्रॅबचा पण नाही.

टेलिस्कोपमधून काढला असेल तर फोटो मोठा करून मधोमध बघा, दोन मंद तारे शेजारीशेजारी दिसतील, त्यातला दक्षिण-पश्चिमेचा तो पल्सार, तेज साधारण १६.५ प्रतीचं. आपल्या टेलिस्कोपातून डोळ्यांना तो दिसणार नाही, पण सड्यावर बसून काढलेल्या फोटोत येतो. आणि रॉ फाइली उडवू नका, हार्ड डिस्कवर तारखेसकट ठेवा. क्रॅबची कड वर्षाला सेकंदाच्या साधारण सहाव्या भागाएवढी बाहेर सरकते, कोनाचा सेकंद म्हणतोय, घड्याळाचा नाही, म्हणजे ७५० मिमीच्या टेलिस्कोपात दहा वर्षांत दीडेक पिक्सेल, एवढं दोन फोटो एकावर एक ठेवून दिसू शकतं.

सामान त्याच दिवशी साफ करा, उद्यावर ढकलू नका. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने, स्क्रूंना तेलाचा थेंब, लेन्स आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परत कोरडं करून घ्या (ती कढई मग जेवणाला वापरायची नाही). पावसाळ्यात तर हा डबा नसेल तर बुरशी ठरलेली.

पुढचं लक्ष्य हवं असेल तर व्हेल नेब्यूला, हा पण सुपरनोव्हाचाच अवशेष पण फार जुना, दहा ते वीस हजार वर्षांचा, हंस राशीत तीन अंश पसरलेला, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मावतील एवढा, त्यामुळे २०० मिमीची लेन्स त्याला मस्त पुरते. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या शेवटापासून काळोख पडला की लगेच तो उंच असतो, ५२ सिग्नी ताऱ्यावरून त्याची पश्चिमेची कड जाते, तोच तारा फ्रेममध्ये धरा. याला मात्र ओ-थ्री फिल्टर (ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश तेवढा सोडणारा) जरूर घ्या, इथे प्रकाश तंतूंचाच आहे. आणि दिवाळीची अमावास्या काळोखाची असली तरी फटाक्यांच्या धुराची असते, त्याच्या चार दिवस आधी जा.